माझ्या वाट्याची माफी

आमच्या साहेबांना कुणी साहेब म्हटलेलं खपत नसे. "मास म्हण," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मास म्हणजे दादा. मी तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. इंडोनेशियात, आमच्या या जोग्जा शहरात, ज्याला तुमच्याकडून निम्म्या पगारात दुप्पट काम काढून घ्यायचं असतं, तो आधी तुमच्याशी नातं जोडतो.

मास पांजींची सॉफ्टवेअर कंपनी त्यांच्या राहत्या घराच्या पुढच्या भागात होती. मागे ते, त्यांची बायको आणि म्हातारी आई. पुढे आम्ही पोरंपोरी लॅपटॉप मांडून बसायचो. दुपारी मागच्या स्वयंपाकघरातून तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळल्याचा वास यायचा आणि त्यांची बायको, बू पांजी, कधीमधी ताटभर आणून आमच्या टेबलावर ठेवायची. "आपण एक कुटुंब आहोत," हे मास प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायचे. कुटुंबात पैसे मागायची लाज वाटते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

माझा पगार तीस लाख रुपिया. परदेशी माणसाला हा आकडा सांगितला की त्याचे डोळे विस्फारतात. त्यातून खोलीचं भाडं, स्कूटरचा हप्ता आणि गावी वोनोसारीला इबूला, म्हणजे माझ्या आईला, पाठवायचे पैसे काढले की महिन्याचा शेवटचा आठवडा मी हातगाडीवरच्या मूठमूठ भाताच्या पुड्यांवर काढायचे. पगाराचा विषय निघाला की मास खुर्चीत मागे रेलायचे. "निंग, तुझ्या वयात पगार बघायचा नसतो. शिकायला काय मिळतं ते बघायचं. पगार महिनाअखेर संपतो. विद्या संपते का कधी?"

विद्या नाही संपत, मास, तांदूळ संपतात. हे मी मनात म्हणायचे. मोठ्याने म्हणायची आमच्याकडे रीत नाही. आम्ही मान खाली घालून "हो मास, खरंय मास" म्हणतो आणि मग गल्लीच्या तोंडाशी उभे राहून शिव्या घालतो.

आता खोटं कशाला बोलू, विद्या मिळाली. दवाखान्यांसाठी पेशंटना नंबर देणारी जी यंत्रणा आमच्या कंपनीने केली, ती अथपासून इतिपर्यंत मी एकटीने लिहिली. शहरातले बरेच दवाखाने आज ती वापरतात. म्हातारी माणसं आता पहाटेपासून बाकावर ताटकळत बसत नाहीत, फोनवर नंबर जवळ आला की घरून निघतात. एकदा मीच तापाने फणफणून एका दवाखान्यात गेले तर शेजारची आजी मला शिकवायला लागली, "हे बघ पोरी, इथे दाबायचं." मी निमूटपणे शिकून घेतलं. त्या कामाचा मला अभिमान आहे, आणि राग येतो तो त्याचाच. माणसाचा स्वतःच्या कामावर जीव जडतो आणि मास पांजींसारखे लोक त्या जिवावर घर बांधतात. त्यांनी तर खरंच बांधलं, वरचा मजला.

नोकरी धरताना मी माझी मूळ पदवी मास पांजींच्या हातात दिली होती. आमच्याकडच्या बऱ्याच छोट्या कंपन्या ती ठेवून घेतात. दोन वर्षं काम केलं की परत मिळते. मध्येच सोडायचं तर उरलेल्या महिन्यांचा पगार कंपनीला भरायचा आणि ती सोडवून न्यायची. सावकाराकडे दागिना ठेवावा तसंच, फक्त दागिना ठेवणाऱ्याला बिचाऱ्याला आधी पैसे तरी मिळतात. आम्हा सगळ्यांच्या पदव्या मासांच्या खोलीतल्या लोखंडी तिजोरीत होत्या. घरी इबूने माझ्या पदवीची रंगीत झेरॉक्स काचेत बसवून भिंतीवर लावली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, "खरी कंपनीच्या तिजोरीत आहे. एवढी मोलाची आहे म्हणून!"

दोन वर्षं भरत आली तेव्हा रमजान चालू होता. ऑफिसात सगळ्यांनी मिळून रोजा सोडायचा कार्यक्रम होता. खजूर तोंडात, सरबताचा पेला हातात, आणि मास उभे राहिले. "आजपासून निंग्रुम आपली टेक लीड!" टाळ्या. बू पांजीने मला मिठी मारली. कुणीतरी पुढे कागद सरकवला, कुणीतरी पेन दिलं, आणि दिवसभर उपाशी असलेली मी, टाळ्यांच्या त्या गजरात, सही करून मोकळी झाले. पगार वाढला दोन लाखांनी. दोन लाखांत हल्ली एक बरा बूट येत नाही.

ईद झाल्यावर मी पदवी मागायला गेले.

"अगं, बढती घेतलीस ना?" मास म्हणाले. "बढती घेतली की दोन वर्षं परत पहिल्यापासून. लिहिलंय त्यात. वाचलं नाहीस?"

ते हसत होते. खरंच हसत होते, थोरल्या भावाने धाकटीची वेणी ओढावी तसे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटायचं बढती म्हणजे पायरी, मी वर चढले. प्रत्यक्षात त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून खालची शिडी काढून घेतली होती. तरी मी काय म्हणाले असेन? "बरं मास," म्हणाले. आणि गल्लीच्या तोंडाशी गेले.

पुढच्याच आठवड्यात तिआसचा फोन आला. तिआस माझी कॉलेजची मैत्रीण, जाकार्तात एका मोठ्या कंपनीत. "निंग, आमच्याकडे जागा निघालीय. पगार एक कोटी दहा लाख. तू अजून त्या घरगुती खानावळीतच कोड लिहितेस ना?"

"खानावळ नाही गं. लीड आहे मी आता."

"कुणाची? त्या पाच पोरांची? त्यांना काय येतं?"

मी चिडले, कारण तिचं खरं होतं. फोन ठेवला आणि मग चार दिवस तोललं. पगार तिप्पट-चौपट, पण जाकार्तात खोलीचं भाडंही तसंच आणि वाहतुकीत आयुष्य जाणार ते वेगळं. इथे अख्खी यंत्रणा माझी, तिथे बँकेच्या अजस्र कामातला एक कोपरा. इथे मी म्हणेन तसं होतं, तिथे मी सगळ्यात शेवटच्या खुर्चीत. मास पांजींचं बोलणं डोक्यात इतकं मुरलं होतं की पैशांचा विचार केला तरी आपण हावरट आहोत असं वाटायचं. ही त्यांची खरी कमाई. पगार न देणं एकवेळ कुणालाही जमतं. पगार मागणाऱ्यालाच स्वतःची शरम वाटायला लावणं, याला अक्कल लागते.

तरी मुलाखत दिली. समोर तिथले मुख्य होते, पाक सिहोंबिंग; पाक म्हणजे साहेब. सुमात्राकडचा बातक माणूस, आम्हा जावावाल्यांसारखं गुळात घोळून बोलणं त्यांच्या रक्तातच नाही.

"तुमचा कोड कोण तपासतं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर दवाखान्यातून फोन येतो."

ते हसले नाहीत. "मग दोन वर्षांत तुम्ही सुधारलात की तशाच राहिलात, हे तुम्हाला कोण सांगतं?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, मास पांजी सांगतात. मग त्यांनी मी पाठवलेला कोड पडद्यावर उघडला आणि तासभर त्याची चिरफाड केली. हे का असं? इथे दोन पेशंट एकाच क्षणी आले तर? मी घामाघूम. बाहेर आले तेव्हा लक्षात आलं की त्या एका तासात मी जेवढं शिकले, तेवढं मागच्या वर्षभरात शिकले नव्हते. पहिल्या वर्षी मास पांजींच्या घरात मी भराभर वाढले, आणि मग डोकं छताला लागलं, तरी मी तिथेच उभी राहिले, वाकून. विद्या, विद्या म्हणून ज्याच्यासाठी पगार सोडला, ती विद्यासुद्धा कधीची संपली होती! त्या दिवशी मला पगारापेक्षा त्याचा राग आला.

नोकरी मिळाली. एकच अट होती. हजर होताना मूळ पदवी दाखवायची, ते बघून परत देणार. "झेरॉक्स चालायची नाही," तिथल्या बाईंनी सांगितलं. "खोट्या पदव्यांनी आम्ही एकदा पोळलोय." हजर व्हायचं होतं दोन सोमवारांनी.

आणि मास पांजी त्याच्या आधीच्या बुधवारी हजला निघणार होते, चाळीस दिवसांसाठी. तिजोरीची किल्ली त्यांच्या गळ्यात.

मी त्यांच्या खोलीत गेले. सगळं सरळ सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढून पुसला.

"उरलेल्या महिन्यांचा पगार भर आणि घेऊन जा. मी अडवतोय का?"

"मास, ते जवळजवळ दोन वर्षांचे पैसे होतात. कुठून आणू?"

"जाकार्तावाल्यांकडून माग की. श्रीमंत आहेत." मग आवाज एकदम मऊ. "निंग, तू आलीस तेव्हा तुला काय येत होतं? तुला विद्या दिली, तेव्हा मी काही पैसे मागितले? आता पंख फुटले तर उडायला निघालीस. मला वाईट वाटलं, खरंच. मी तर ठरवलं होतं, हजहून आलो की तुला कंपनीची सीटीओ, तंत्रप्रमुख, करायचं."

"आणि पगार?"

"बघ! परत पगार!" मास म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरं दुःख होतं. तेच मला सहन होत नाही. माणूस लबाडी करताना निदान लबाडासारखा दिसावा.

कामगार कार्यालयात तक्रार करता आली असती. तिआस रोज तेच म्हणत होती. पण तक्रारीला महिने लागतात आणि सोमवार माझ्यासाठी थांबणार नव्हता.

हजला निघण्याआधी आमच्याकडे माणूस शेजारीपाजारी, नातलग, नोकरचाकर सगळ्यांना जेवायला बोलावतो आणि प्रत्येकाची माफी मागतो. बाहेरची आणि आतली, म्हणजे वागण्यातली आणि मनातली, दोन्ही. कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं काही ठेवलं असेल, तर ते इथेच मिटवून जायचं, कारण परत येऊ की नाही हे कुणाला ठाऊक? फार चांगली रीत आहे. माझे वडील वारले ते असेच सगळ्यांची माफी मागून गेले, म्हणून मला ती फार जवळची आहे. मास पांजींनी शनिवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं. ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला, खाली जोडलेल्या हातांची ओळ.

मी इबूला फोन केला. "मी जाणार नाही."

"जायला हवं गं," ती म्हणाली. "मक्केला निघालेल्या माणसाने माफी मागितली तर नाही म्हणू नये. ओझं आपल्यावर येतं."

"आणि माझी पदवी?"

"ती कंपनीच्या तिजोरीत आहे ना? सुरक्षित आहे."

मी फोन ठेवला आणि एकटीच मोठ्याने ओरडले. खोलीच्या मालकिणीने दार वाजवून विचारलं, पाल आली का.

शनिवारी गल्लीत मांडव होता. जमिनीवर गालिचे, कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि मागे मोठ्या पातेल्यांत फणसाची गुदेग, अंडी, कोंबडी. मास पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. शेजारच्या खुर्चीत त्यांची आई, तीही हजला निघालेली. गल्लीतल्या मशिदीचे मौलवी, पाक कियाई, आले होते, संध्याकाळी पोरांना कुराण शिकवणारे, साधे गृहस्थ, त्यांचं अर्धं लक्ष पातेल्यांकडे. मास बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता रडले. "माझ्या हातून कळत नकळत कुणी दुखावलं असेल, कुणाचा हक्क माझ्याकडे राहिला असेल, तर माफ करा. मी हलका होऊन जाऊ इच्छितो."

बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणाचा हक्क राहिला असेल, म्हणे! नकळत! किल्ली सदऱ्याच्या आत छातीवर टेकली होती की माणसाच्या.

मग मास खुर्चीत बसले आणि रांग लागली. एकेक जण पुढे जायचा, दोन्ही हातांनी मासांचे हात धरायचा आणि म्हणायचा, "माफ केलं मास, आमच्यासाठी दुआ करा." मास प्रत्येकाचं नाव घ्यायचे. माझ्या मागे गालिह होता. हा आमच्याच टीममधला, माझ्याहून दीड वर्षाने लहान, चांगला पोरगा, बायको दिवसांत. त्याचीही पदवी त्याच तिजोरीत.

माझी पाळी आली. मासांनी माझे हात धरले. हात गरम होते, थोडे ओले.

"निंग, मला माफ कर हं. बाहेरून आणि आतून."

"नाही," मी म्हणाले.

ते हसत राहिले. त्यांना ऐकूच आलं नसावं, किंवा कानांनी ऐकलं आणि डोक्याने आत घेतलं नाही.

"माफ नाही केलं, मास. माझी पदवी द्या. मग करते."

"ही आमची टेक लीड," मास आजूबाजूला बघत म्हणाले. "फार विनोदी आहे."

"विनोद नाही करत मी."

रांग थांबली. पातेल्यापाशी कुणाच्या तरी हातातली पळी वाजली आणि गप्प झाली. बू पांजी लगबगीने आली. "मुली, चल, आधी खाऊन घे. उपाशी पोटी माणूस काहीही बोलतं."

"मी खाऊन आलेय, बू."

मागून गालिहने माझी बाही ओढली. "म्बाक," तो मला ताई म्हणतो, "तोंडदेखलं म्हणून टाक ना. शब्दच तर आहे."

मी वळले. "शब्दच आहे तर त्यांना एवढा का हवाय?"

आता पाक कियाईंना उठावंच लागलं. टोपी सारखी करत ते आले. "काय झालं?"

"काही नाही, पाक कियाई," मास म्हणाले. "ऑफिसची बाब. कराराचं आहे काहीतरी."

"माझी पदवी त्यांच्या तिजोरीत आहे," मी म्हणाले. "दोन वर्षं भरली. मला दुसरीकडे नोकरी लागलीय. ते देत नाहीत. आणि बुधवारी निघालेत."

"पदवी तुझी?"

"माझी. माझ्या नावाची, माझ्या फोटोची."

पाक कियाईंनी मान खाजवली. त्यांना यात पडायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मशिदीचं नवं छप्पर मास पांजींच्याच पैशांतून झालं होतं. पण सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "मग पाक पांजी," ते हळूच म्हणाले, "माफी नंतर. वस्तू आधी. दुसऱ्याची वस्तू घरात कोंडून तुम्ही निघालात तर मी दुआ कसली करू?"

"करारात लिहिलंय, पाक कियाई. तिची सही आहे."

"असेल. तिथे करार विचारत नाहीत."

मास आईकडे वळले, जणू ती त्यांची बाजू घेणार. म्हातारी इतका वेळ खाली बघत होती. ती एवढंच म्हणाली, "पांजी, ऊठ."

ते उठले. आत गेले. खोलीचं दार उघडंच राहिलं आणि मांडवातून मला सगळं दिसत होतं. त्यांनी गळ्यातून किल्ली काढली, तिजोरी उघडली, निळ्या फाइलींचा गठ्ठा उपसून एक बाहेर ओढली, बाकीच्या नीट रचून आत ठेवल्या आणि दार परत लावलं. बाहेर येऊन त्यांनी फाइल माझ्या हातात दिली, उजव्या हाताने, रिवाजाप्रमाणे.

मी उघडून पाहिली. माझं नाव. माझा मूर्खासारखा गंभीर फोटो. शिक्का.

"आता?" मास म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझ्या वाट्याचं माफ, मास."

"अलहम्दुलिल्लाह," पाक कियाई म्हणाले आणि सगळ्या मांडवाने श्वास सोडला. मी बाजूला झाले. माझ्यामागे गालिह पुढे सरकला, मासांचे हात धरले आणि भराभर म्हणाला, "माफ केलं मास, आमच्यासाठी दुआ करा." त्याच्यामागे टीममधली सेकार, त्याच्यामागे बाकीचे. माफ केलं मास. माफ केलं मास. मासांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. प्रत्येकाबरोबर थोडा थोडा.

मला जेवण गेलं नाही. फाइल पोटाशी धरून मी कोपऱ्यात बसले होते. आनंद व्हायला हवा होता. नऊ दिवसांनी मी जाकार्तात असणार होते, पाक सिहोंबिंग माझ्या कोडची चिरफाड करणार होते, इबूला दुप्पट पैसे जाणार होते. आणि माझा राग मात्र जागचा हलत नव्हता. एवढं सोपं होतं? एक किल्ली फिरवायची? एवढ्यासाठी मी दोन महिने झोपले नव्हते?

मी स्कूटरपाशी आले तर गालिह धावत आला.

"म्बाक, अभिनंदन." मग घुटमळला. "एक बोलू? आमच्या पण मागितल्या असत्यास तर बरं झालं असतं."

मी हेल्मेट खाली ठेवलं. "तुझी पाळी माझ्यामागे होती. तिजोरी नुकतीच उघडली होती. कियाई शेजारी उभे होते. तू काय म्हणालास?"

"तसं नाही गं..."

"काय म्हणालास, गालिह?"

"माफ केलं म्हणालो."

"मग आता काय मागणार? तू तर देऊन बसलास!"

"मला तुझ्यासारखं दुसरीकडे काही लागलेलं नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचाही आवाज चढला. "सोमवारी मला इथेच यायचंय. तू निघालीस, तुला बोलायला काय जातंय? आणि तू आमची लीड ना? तू 'आम्हा सगळ्यांच्या द्या' म्हणाली असतीस तर त्यांना सगळ्या काढाव्या लागल्या असत्या. सगळी गल्ली बघत होती. तू फक्त स्वतःची घेतलीस आणि शब्द देऊन टाकलास."

हे मला इतकं झोंबलं की मी क्षणभर त्याला मारणारच होते. त्या मांडवात मास पांजींना हवी असलेली एकच वस्तू त्यांच्या हाती लागत नव्हती, आणि ती माझ्याजवळ होती. तिची मी काय किंमत घेतली? माझाच कागद. आयुष्यभर मला स्वस्तात घेतलं म्हणून ओरडणारी मी, संधी आली तेव्हा भाव करायलाच विसरले.

"चल," मी म्हणाले.

"कुठे?"

"आत. माझा शब्द गेला, तुझं तोंड आहे अजून. पाक कियाई अजून जेवतायत. म्हातारी तिथेच आहे. तू विचार, मी शेजारी उभी राहते. मी बोलते तुझ्यामागून, सगळ्यांच्या नावाने बोलते. पण पहिला शब्द तुझा हवा."

मी त्याची बाही धरली आणि त्याला मांडवात नेलं. तो आला, ओढत का होईना, आला. मास पांजी खुर्च्यांपाशी उभे राहून लोकांना निरोप देत होते. मला परत बघून त्यांचा चेहरा आक्रसला.

"मास," मी म्हणाले, "गालिहला तुम्हाला काहीतरी विचारायचंय."

मास गालिहकडे वळले. पाक कियाईंनी ताटातून मान वर केली. सेकार आणि दोघंतिघं पोरं जवळ येऊन उभी राहिली. त्यांना कळलं होतं, कशासाठी ते. गालिहने खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग मासांच्या पांढऱ्या सदऱ्याकडे, मग माझ्याकडे. मी त्याची बाही सोडली नव्हती. मी मनात म्हणत होते, बोल रे. बोल. एकदा तरी.

"मास," तो म्हणाला, "गुदेग फार छान झाली होती."

मास पांजींचा चेहरा उजळला. "अरे, मग सांगायचं नाही का!" त्यांनी मागे वळून बायकोला हाक मारली. "ऐकलंस का, गालिहला घरी न्यायला दोन डबे बांध. त्याची बायको दिवसांत आहे."

गालिहने दोन्ही हातांनी डबे घेतले आणि मान लववून म्हणाला, "फार उपकार झाले, मास."